मदरशिप चालवताय? क्रू मेला तरी चालेल, सेशन मरता कामा नये

पहिल्यांदा मदरशिप हा भीतीचा गेम चालवला तेव्हा मी आठवडाभर तयारी केली होती, भरकटलेल्या जहाजाचा नकाशा, मेलेल्या लोकांच्या नोंदी, दिव्यांची उघडझाप करायला वेगळा बल्ब, सगळं, आणि दुसऱ्या तासाला चारपैकी दोन जण मोबाइल बघत होते. भीती कुणालाच वाटत नव्हती. गेममध्ये काही खोट नाही हे मला माहीत होतं, कारण मी स्वतः खेळाडू म्हणून बसलो होतो तेव्हा घरी जाताना जिन्यात लाइट लावून वर चढलो होतो. मग चूक माझ्या चालवण्यात होती. त्यानंतर प्रत्येक सेशन झालं की वहीत लिहायला लागलो, काय फसलं आणि का. हे त्या वहीतलं.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. मदरशिप हा टेबलावर बसून खेळायचा, गोष्ट रचत जायचा गेम आहे, २०१८ ला शॉन मॅकॉय यांनी केलेला, टुस्डे नाइट गेम्सने काढलेला. एक जण वॉर्डन म्हणजे गेम चालवणारा, बाकीचे अंतराळातल्या एका जुन्या, कर्जात बुडालेल्या जहाजाचा क्रू. टीमस्टर म्हणजे अवजड कामं करणारा कामगार, सायंटिस्ट, अँड्रॉइड म्हणजे माणसासारखा रोबॉट, किंवा मरीन म्हणजे सैनिक, या चार क्लासपैकी एक व्हायचं. काम साधं असतं, सामान पोचवा, बंद पडलेलं स्टेशन बघून या. आणि सगळे परत येत नाहीत. हे खेळाडूंना पहिल्या मिनिटापासून माहीत असतं, माहीत असायलाच पाहिजे, कारण इथे मजा ‘वाचतील का’ यात नसून ‘मरायच्या आधी काय करतील’ यात आहे.

दर दाराला रोल मागणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, असाच पण जास्त प्रसिद्ध गेम) खेळून आलेला जवळजवळ प्रत्येक जण करतो, मी पण केली. दार उघडायचंय, रोल कर, म्हणजे फासे टाक. कॉम्प्युटर चालू करायचाय, रोल कर. खोलीत काय दिसतंय, रोल कर. आता गणित बघा. तुमचा स्टॅट, म्हणजे ताकद, वेग अशा गुणाचा आकडा, ठरतो दोन दहा बाजूंचे फासे टाकून त्यात २५ मिळवून, म्हणजे सरासरी ३६ च्या आसपास, आणि शंभराच्या रोलमध्ये (दहा बाजूंचे दोन फासे, एक दशकाचा, एक एककाचा) त्याच्या खाली यायचं असतं. क्लासचे आणि स्किलचे थोडे मिळतात, ट्रेन्ड असाल तर १०, एक्स्पर्ट १५, मास्टर २०, पण ज्या कामाचं स्किल नाही तिथे तुम्ही तीनातल्या दोन वेळा फेलच होणार. आणि प्रत्येक फेलला १ स्ट्रेस चढतो.

म्हणजे दहा फालतू रोल मागितले तर सहा-सात फेल, आणि २ स्ट्रेसवर सुरू झालेलं कॅरेक्टर काही भयानक बघायच्या आधीच ८-९ वर. वर प्रत्येकाला वाटतं की आपल्याला साधं दार पण उघडता येत नाही, म्हणजे आपण बिनकामाचे, आणि मग हात मोबाइलकडे जातो.

उपाय सोपा आहे. ज्याला काम येतं, ज्याच्याकडे अवजार आहे आणि ज्याच्याकडे वेळ आहे, त्याचं काम होऊन जाऊ द्या. यातलं काहीतरी कमी असेल आणि फेल झाल्यावर खरंच काहीतरी बिघडणार असेल तेव्हाच फासे. आणि टाकायच्या आधी सांगा की फेल झालं तर काय होईल, वेल्डिंग तुटेल, आवाज खालपर्यंत जाईल, जे असेल ते. ऐकून कुणी म्हणालं ‘थांब मग, नको करत’, तर तो सीन जमला असं समजा.

या गेमच्या स्किलच्या यादीत लपण्याचं स्किलच नाहीये, आणि ते विसरून राहिलेलं नाही, मुद्दाम ठेवलेलं नाही. कारण लपणं हा या गोष्टीचा गाभा आहे, तो एका रोलमध्ये संपवायचा नाही. खेळाडू म्हणाला मी लपतो, तर विचारा कुठे, लॉकरमध्ये का टेबलाखाली, हेल्मेटचा लाइट बंद केला का, रेडिओ चालू आहे का, त्यावर मागून कुणी हाक मारली तर. चार प्रश्नांत टेबलावरचे लोक आपोआप हळू आवाजात बोलायला लागतात, मी हे कितीतरी वेळा बघितलंय.

माहिती दाबून ठेवणं

वॉर्डनला वाटतं रहस्य म्हणजे सगळं लपवायचं. मग खेळाडू अर्धा तास रिकाम्या खोल्या शोधत फिरतात आणि तुम्ही मनात म्हणता अरे तो टेबलाखाली बघ की. नका करू असं. जे दिसण्यासारखं आहे ते सांगून टाका, मेडबेच्या, म्हणजे जहाजावरच्या दवाखान्याच्या, दाराला आतून ओरखडे आहेत आणि दार बाहेरून वेल्ड केलंय. एवढं समजल्यावर भीती कमी होत नाही, उलट आता त्यांना ठरवावं लागतं की हे दार कापायचं का. औषधं आत आहेत, हेही सांगा.

वॉर्डनच्या पुस्तकात एक सल्ला आहे जो मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलाय: जगणं, रहस्य उलगडणं, आणि बाकीच्यांना वाचवणं, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हाती लागणं जवळपास अशक्य असावं. सीन रचताना मी फक्त एवढंच तपासतो की यातलं एक मिळवायला दुसरं सोडावं लागतंय ना. आणि निवड तेव्हाच होते जेव्हा दोन्ही बाजू माहीत असतात, आंधळेपणाने डावीकडे का उजवीकडे हे विचारणं म्हणजे निवड नाही, ते नाणं उडवणं झालं.

पॅनिकचे नियम अर्धेच वापरणं

पॅनिक चेक असा असतो, वीस बाजूंचा फासा टाकायचा, स्ट्रेसपेक्षा जास्त आला तर सुटलात, तेवढाच किंवा कमी आला तर पॅनिक टेबल, म्हणजे घाबरून काय होतं त्याची यादी. म्हणजे २ स्ट्रेसला १० टक्के, १२ स्ट्रेसला ६० टक्के. काही जण प्रत्येक फेलला पॅनिक चेक लावतात, तसं नाहीये. क्रिटिकल फेल झालं, म्हणजे फेल आणि दोन्ही आकडे सारखे, तेव्हा, किंवा खरंच हादरवणारं काही समोर आलं आणि वॉर्डनने सांगितलं तेव्हा. रोज वापरलं की धार जाते.

पण जास्त नुकसान होतं ते क्लासचे नियम विसरल्याने. मरीन पॅनिक झाला तर जवळच्या सगळ्या साथीदारांना फिअर सेव्ह, म्हणजे भीतीपासून सावरायचा रोल. सायंटिस्टचा सॅनिटी सेव्ह फेल झाला तर जवळच्या सगळ्यांना १ स्ट्रेस, कारण ज्याला कळतं तोच गडबडलाय. अँड्रॉइडला स्वतःला फिअरमध्ये तब्बल ६० जास्त मिळतात पण त्याच्या जवळ असलेल्या माणसांचे फिअर सेव्ह डिसअ‍ॅडव्हान्टेजवर, दोनदा टाकून वाईट तो धरायचा. म्हणजे जो कशालाच घाबरत नाही तोच शेजारी उभा असला की बाकीचे जास्त घाबरतात! हे तीन नियम एकत्र आले की एका माणसाची भीती दुसऱ्याला लागते, साथीसारखी, आणि मग क्रू एकमेकांपासून लांब राहायला लागतो आणि लांब राहिला की एकेकटा सापडतो. ही गोष्ट तुम्हाला लिहावी लागत नाही, नियमच लिहितात, फक्त ते कागदावर समोर पाहिजेत. मी प्रत्येकाच्या शीटवर लाल पेनने हा नियम लिहून देतो.

टीमस्टरचं राहिलं. त्याला सेशनमध्ये एकदा पॅनिक चेकला अ‍ॅडव्हान्टेज मिळतो. म्हणजे दोनदा टाकून चांगला तो धरायचा. आठवण करून द्या, बिचारे विसरतात.

पटापट बघायच्या काही

जुनी आणि नवी आवृत्ती मिसळू नका. २०१८ च्या झीरो एडिशनमध्ये चार सेव्ह होते, आर्मर हा चौथा, नव्या फर्स्ट एडिशनमध्ये सॅनिटी, फिअर, बॉडी एवढे तीनच. कुणाच्या शीटवर आर्मर सेव्ह दिसला तर त्याने जुनी पीडीएफ उतरवलीये. सगळ्यांना एकच फाइल पाठवा.

प्राणी पहिल्या तासात दाखवू नका. आधी कुणीतरी हद्द ओलांडतं, मग खुणा दिसतात, मग तो प्रकट होतो, मग त्याचा बंदोबस्त, मग तो पुन्हा झोपी जातो, पुस्तकात हे चक्रच दिलंय. खुणांवर वेळ घालवा.

मेलेल्या खेळाडूला बसवून ठेवू नका. नवीन कॅरेक्टर दहा मिनिटांत होतं, शीटवरच बाण काढून दिलेत, दोन-तीन तयार करून ठेवा, क्रायोपॉडमधून, म्हणजे गोठवून झोपवायच्या पेटीतून, कुणालाही उठवता येतं.

इंग्रजीतून वाचून दाखवणं

हे आपल्या टेबलांपुरतं. मॉड्यूल, म्हणजे तयार छापील गोष्टी, इंग्रजीत असतात म्हणून आपण खोलीचं वर्णन तसंच वाचतो, आवाज पण बदलतो, आणि ऐकणारे परीक्षेला बसल्यासारखे बसतात. स्ट्रेस, पॅनिक, एअरलॉक हे शब्द राहू द्या, ते सगळ्यांच्या तोंडात आहेत, पण वास आणि आवाज मराठीत सांगा. जिन्याखालच्या बंद मीटरबॉक्ससारखा वास. रात्री फ्रीजची घरघर अचानक थांबली की घर जसं शांत होतं तशी शांतता. हे ऐकल्यावर माणूस स्वतःच्या घरातून तिथे पोचतो.

आणि क्रूला हिरो समजू नका. टीमस्टर म्हणजे ट्रकवाले, क्रेनवाले, खाणीत उतरणारे लोक. कंपनीने तीन महिने पगार थकवलाय, कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलंय की माल सोडून आलात तर नुकसान तुमच्या हिशोबातून कापणार. आमच्या ग्रुपमध्ये एक जण कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे, त्याने एकदा कंपनीच्या माणसाशी रेडिओवर ओव्हरटाइमवरून जे भांडण केलं ते ऐकताना कुणी पापणी हलवली नाही, आणि मग तो त्याच मालासाठी परत आत गेला, आणि का गेला हे टेबलावर प्रत्येकाला समजलं.

आधी न विचारणं

ही चूक मी सगळ्यात शेवटी शिकलो आणि सगळ्यात जास्त मनाला लागली. मला हवेचा हिशोब आवडायचा. कागदावर चौकोन काढायचे, एक चौकोन म्हणजे एक तास, दर सीनला एक काट मारायची. एकदा शेवटचे तीन चौकोन उरले असताना एक मित्र उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. २०२१ च्या एप्रिलमध्ये तो ऑक्सिजनवर होता, आणि वॉर्डात सिलिंडर कधी येणार हे विचारत नातेवाईक फिरत होते ते त्याने पडल्या पडल्या ऐकलं होतं. मला तो आजारी होता एवढंच माहीत होतं. सेशन तिथेच थांबवलं, चहा केला, बराच वेळ बोलत बसलो.

आता मी प्रत्येक सेशनच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला वेगळा मेसेज करतो, की आत काय काय असू शकतं आणि काय नको. कारण विचारत नाही. गुदमरणं नको असेल तर रिअ‍ॅक्टर तापवतो, चौकोन तेवढेच राहतात. आणि टेबलावर कुणीही ‘थांब’ म्हणालं की थांबायचं, तो सीन तिथून पुढे सरकवायचा. यामुळे भीती कमी होईल असं वाटायचं मला, तसं होत नाही, माणूस निवांत असला की जास्त आत शिरतो. तो मित्र अजूनही खेळतो, आणि आमच्यात सगळ्यात चांगला तोच खेळतो.

डेथ सेव्ह उघड्यावर टाकणं

शेवटची जखम झाली की डेथ सेव्ह, दहा बाजूंचा फासा. ० आला तर फक्त बेशुद्ध, काही मिनिटांत जाग येते. १-२ ला मरणाच्या दारात, ३-४ ला कोमा, आणि ५ ते ९ म्हणजे गेला. निम्म्या वेळा गेलाच. पण नियम असा आहे की हा फासा कपाखाली टाकायचा आणि कुणीही बघायचा नाही, त्याच्याजवळ जाऊन नाडी तपासण्यात कुणीतरी आपला टर्न घालवेपर्यंत. बरेच जण घाईत उघड्यावरच टाकतात आणि गेममधला सगळ्यात चांगला क्षण वाया घालवतात.

आम्ही स्टीलची वाटी वापरतो. फासा आत खणखणतो, वाटी पालथी, आणि सगळ्यांचं लक्ष तिच्यावर.

गेल्या पावसाळ्यात आमची मरीन कार्गो बेमध्ये पडली. वाटी टेबलाच्या मधोमध. बाकीचे तिघं एअरलॉकपाशी, चौकोन दोन उरलेले, आणि मध्ये वीस पावलांचं अंतर आणि अंधारात काहीतरी. पंधरा मिनिटं वाद झाला, खरा वाद, सायंटिस्ट म्हणत होती नाडी तरी बघू, टीमस्टर म्हणाला निम्म्या चान्सवर आपण तिघं का मरायचं, अँड्रॉइड गप्प. जी पडली होती ती खेळाडू पण गप्प बसून ऐकत होती, तिला बोलायची परवानगी नव्हती. शेवटी त्यांनी दार लावलं आणि जहाज सोडलं.

सेशन संपल्यावर कुणी उठेना. मग तिनेच हात पुढे करून वाटी उचलली. आत ० होता.