पर्यावरण आणि ऊर्जा कायद्यासाठी लॉ कॉलेज कसं निवडाल?

सातारा-सांगलीच्या मुलांना या विषयाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. कोयनेची वीज, वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या, मळीमिश्रित पाण्याने कृष्णेत मेलेले मासे, हे सगळं लहानपणापासून बघितलेलं असतं. गडबड होते ती कॉलेज निवडताना. 'पर्यावरण कायदा शिकवता का?' असं विचारलं की सगळीकडे 'हो' असंच उत्तर मिळतं, कारण बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे तो सक्तीचा विषय आहे. त्याऐवजी विचारा: गेल्या तीन वर्षांत कोणते ऐच्छिक विषय प्रत्यक्षात चालले? माहितीपुस्तकात ऊर्जा कायदा छापलेला असतो, पण नावं चार-पाचच येतात आणि वर्ग सुरूच होत नाही. याचं खरं उत्तर शेवटच्या वर्षाची मुलं देतात.

पर्यावरण आणि ऊर्जा ही नावं जोडीने घेतली जातात, पण दोन्हींची कोर्टं वेगळी आहेत, आणि कॉलेजचं गाव ठरवताना हे सगळ्यात महत्त्वाचं. पाणी (१९७४), हवा (१९८१) आणि पर्यावरण संरक्षण (१९८६) या कायद्यांखालचे वाद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जातात. त्याचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. वन्यजीव कायदा मात्र त्याच्या यादीत नाही, म्हणून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पासारख्या विषयात रस असेल तर उच्च न्यायालयाचं कामही शिकायला हवं. वीजदराचे आणि वीजखरेदी कराराचे वाद २००३च्या विद्युत कायद्याखाली मुंबईत राज्य वीज नियामक आयोगापुढे चालतात, अपील दिल्लीला. थोडक्यात, पर्यावरणासाठी पुणे, विजेसाठी मुंबई.

तरी घरच्या कॉलेजावर लगेच फुली मारू नका. तीन वर्षांच्या एलएलबीत किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे इंटर्नशिप लागते, सलग मात्र चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. सुट्टीत पुणे-मुंबईला राहून ती करता येते. प्रदूषण नियंत्रण मंडळाची उपप्रादेशिक कार्यालयं साताऱ्यात आणि सांगलीत आहेतच. बीएस्सी, कृषी किंवा इंजिनिअरिंग झालेल्यांना तीन वर्षांचा मार्ग खूप सोयीचा: पर्यावरणीय आघात अहवालातले (प्रकल्पाचा परिसरावर काय परिणाम होईल ते सांगणाऱ्या अहवालातले) आकडे त्यांना वाचता येतात, आणि नुसता कायदा शिकलेले तिथेच अडतात.

शिक्षकांची पारख करायला एकच प्रश्न पुरतो. वर्गात एखाद्या कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेलं खरं संमतिपत्र वाचून घेता का? सांडपाणी किती सोडायचं, त्याचा बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा प्राणवायू, म्हणजे प्रदूषणाचं माप) किती असावा, या अटी त्यातच असतात आणि खटला त्यांच्यावरच उभा राहतो. उत्तर 'नोट्स देतो' असं आलं, तर पुढचं कॉलेज बघा. ग्रंथालयात निकालांचा डेटाबेस मुलांना स्वतः उघडता येतो का, हेही बघून घ्या.

आता अर्जांचं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश क्लॅटने, म्हणजे देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेने होतो. बाकी बहुतेक कॉलेजांत राज्याच्या प्रवेश परीक्षेने, म्हणजे सीईटीने. क्लॅट डिसेंबरात असते आणि तिचे अर्ज त्याआधीच बंद होतात. सीईटीच्या फॉर्मची वाट बघत बसलं की ती हुकते. शिवाय विधी विद्यापीठांची फी वर्षाला लाखांत जाते, म्हणून सवलत आणि आरक्षणासाठी लागणारे अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर बारावीच्या सुरुवातीलाच काढून ठेवा. ते हातात पडायला आठवडे लागतात.