व्हर्च्युअल ऑर्गन लोड करताना रॅम कशी वाचवावी

आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातली पायपेटी आठवते. संगणकावरच्या पाइप ऑर्गनचं गणित मात्र वेगळं, कारण इथे प्रत्येक पाइपचं ध्वनिमुद्रण थेट रॅममध्ये जाऊन बसतं.

एकदा हिशेब करून बघा. ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ. एका पाइपचा १० सेकंदांचा नमुना धरला तर जवळपास २.९ एमबी. एका स्टॉपला, म्हणजे एकाच प्रकारच्या आवाजाच्या पाइपांच्या संचाला, ६१ स्वर, म्हणजे साधारण १७५ एमबी. असे ४० स्टॉप झाले की ७ जीबी संपले! दगडी चर्चमधला लांब घुमारा आला की नमुने आणखी वाढतात.

म्हणून कोल्हापूरच्या राजारामपुरीत नवी रॅम घ्यायला जाण्याआधी सेटिंग बघा. ग्रँडऑर्ग (GrandOrgue) या व्हर्च्युअल ऑर्गनच्या सॉफ्टवेअरमध्ये सॅम्पल साइज १६ बिट केली की मूळ डेटा एक तृतीयांशाने घटतो, आणि साध्या स्पीकरवर फरक सहसा कळत नाही. लॉसलेस कॉम्प्रेशननेही, म्हणजे दर्जा न घटवता डेटा आवळूनही, जागा वाचते, पण प्रोसेसरवर ताण येतो. जुन्या मशीनवर मी ते बंदच ठेवेन. मोनो केलं तर जागा निम्मी लागते. पण घुमाऱ्याची खोली जाते, म्हणून तो शेवटचा उपाय. त्याआधी जे वाजवणार नाही ते स्टॉप लोडच करू नका, रिलीजचे (पट्टी सोडल्यावर विरत जाणाऱ्या आवाजाचे) जादा नमुने कमी करा. विंडोजसाठी दोन-तीन जीबी मोकळे हवेतच. रॅम भरली की डिस्कवरून अदलाबदल सुरू होते आणि ऐन वाजवताना आवाज तुटतो.