छत्रीची तार तुटली? आधी ओवा, मग बसवा

छत्री मोडली असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा मोडलेली असते ती फक्त दांड्याच्या टोकाची बारीक तार. तिथल्या खाचांच्या चकतीत काड्यांची टोकं हीच तार धरून ठेवते. ती गंजून तुटली की आठही काड्या लोंबायला लागतात. तेवढ्यासाठी चांगली छत्री टाकू नका!

एकेक काडी खाचेत धरून तार घालत बसलात, तर तिसरी बसवेपर्यंत पहिली निसटते. त्यापेक्षा छत्री अर्धवट मिटवा, वरचं टोपण काढून कापड थोडं खाली सरकवा आणि काड्या चकतीपासून मोकळ्याच ठेवून त्यांच्या टोकांच्या छिद्रांतून तार ओवून घ्या, गजरा ओवतो तशी. काड्यांचा क्रम चुकवू नका. आता ती माळ चकतीभोवती गुंडाळा, एकेक टोक आपापल्या खाचेत दाबा आणि वरून रबरबँड चढवा. दोन्ही हात मोकळे झाले की पकडीने तारेला तीन-चार पीळ द्या, जादा तार कापा आणि रबरबँड काढा.

पीळ फार आवळू नका. काडी खाचेत सैलसर फिरली पाहिजे, नाहीतर छत्री उघडताना तार पुन्हा तुटेल. पिळाचं टोक आत वळवा, कारण बाहेर राहिलेलं टोक कापडाला भोक पाडतं. तार तांब्याची किंवा स्टीलची घ्या. साधी लोखंडी बांधणीची तार पावसात लवकर गंजते.