दाण्यांवरून घरच्या जेवणावर: कुत्र्याचा आहार कसा बदलावा

आमच्या गब्बरला घरचं जेवण सुरू केलं तेव्हा पहिली चूक भांड्याची झाली. दाण्यांचं, म्हणजे पाकिटातल्या कोरड्या डॉग फूडचं, जे स्टीलचं भांडं होतं, तेच मी चिकन-भाताने काठोकाठ भरायचो. भांडं भरलेलं, कुत्रा खूश, आम्हीही खूश. महिन्याभराने आंघोळ घालताना पाठीवरून हात फिरवला तर बरगड्या टोचायला लागल्या होत्या. शंभर ग्रॅम दाण्यांत साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात. चिकन, भात आणि भाजीच्या मिश्रणात तेवढ्याच वजनाला १५०च्या आसपास, कारण त्यात बरंचसं पाणीच. म्हणून आधी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणा, चिकन नंतर.

आधी डॉक्टर

वर्षाच्या आतलं पिल्लू, गाभण कुत्री, किडनीचा, मधुमेहाचा किंवा स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेला कुत्रा असेल तर हा लेख वाचून प्रयोग करू नका. मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियम कमी पडलं तरी हाडं बिघडतात आणि जास्त झालं तरी. निरोगी, पूर्ण वाढलेला कुत्रा असला तरी एकदा रक्त तपासून घ्या, म्हणजे पुढे तुलना करायला काहीतरी हाताशी राहतं.

किती द्यायचं

मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरतो. कुत्र्याच्या किलोतल्या वजनाला वजनाने गुणा, पुन्हा वजनाने गुणा. आलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढा, त्याचं पुन्हा वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. १५ किलोच्या कुत्र्याचं उत्तर ५३३ येतं. नसबंदी झालेल्या, रोज फिरायला जाणाऱ्या कुत्र्यासाठी त्याला १.६ ने गुणा: दिवसाला साधारण ८५० कॅलरी. ही फक्त सुरुवात. दिवसभर सोफ्यावर लोळणाऱ्या पगला कमी लागेल, शेतावर धावणाऱ्याला जास्त.

काय शिजवायचं

१५ किलोच्या कुत्र्याचं एका दिवसाचं, सगळी वजनं शिजवल्यानंतरची:

- बिनहाडाचं चिकन, तंगडीच्या वरच्या भागाचं: २५० ग्रॅम
- भात: २०० ग्रॅम
- लाल भोपळा, गाजर, फरसबी किंवा दुधी: १०० ग्रॅम
- तेल: एक छोटा चमचा
- अंड्याच्या कवचाची पूड: अर्धा सपाट छोटा चमचा, म्हणजे साधारण अडीच ग्रॅम

यातली शेवटची ओळ बहुतेक घरांत गाळली जाते आणि खरा घोटाळा तिथेच होतो. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाही. बाहेरून कॅल्शियम मिळालं नाही की शरीर ते हाडांतून काढून घेतं. वरून कुत्रा टवटवीत दिसतो, म्हणून लवकर कळत नाही. कवचं धुऊन दहा मिनिटं उकळा, उन्हात कडकडीत वाळवा आणि मिक्सरमध्ये अगदी रव्यापेक्षाही बारीक करा. चिमटीत घेतल्यावर खरखर लागली तर पुन्हा फिरवा.

पण कवचातून मिळतं ते फक्त कॅल्शियम. झिंक, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व या जेवणात कमीच पडतात. उन्हात बसवून ड जीवनसत्त्व मिळेल म्हणाल, तर कुत्र्याची कातडी ते पुरेसं बनवत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या. त्यातल्या ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी निघाला. माझी वरची पाककृतीही पूरक पावडरीशिवाय त्याच पंक्तीत बसेल. पावडर कोणती आणि किती, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आठवड्यातून एकदा थोडी कलेजी (५० ग्रॅम पुरे, जास्त झाली तर अ जीवनसत्त्व वाढतं) आणि एकदा बांगडा किंवा तारली उकडून, काटे काढून. शाकाहारी घरात अंडी, पनीर, दही, सोया यांवर जमवता येतं, पण ते गणित डॉक्टरांशिवाय करू नये. नुसती दूध-पोळी म्हणजे मात्र जेवण नव्हे, आजीने कितीही शपथेवर सांगितलं तरी.

काय नाही

कांदा आणि लसूण कच्चे, शिजवलेले, वाळवलेले, कसेही चालत नाहीत. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि त्रास दिसायला काही दिवस जातात. रश्शातली फोड धुऊन दिली तरी वाटण आत मुरलेलंच असतं. द्राक्षं आणि बेदाण्यांनी किडनी जाऊ शकते, त्यामुळे सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा पाहुण्यांच्या हातून कुत्र्याच्या तोंडात जाणार नाही यावर नजर ठेवा. चॉकलेट नको, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं च्युइंगगम नको. आणि शिजवलेलं हाड तर मुळीच नको, ते चिरफळून आतडं फाडतं.

बदल दहा दिवसांत

पहिले तीन दिवस पाऊण भाग दाणे, पाव भाग घरचं. पुढचे तीन दिवस अर्धं-अर्धं. मग तीन दिवस पाव भाग दाणे आणि दहाव्या दिवशी पूर्ण घरचं. हे भाग कॅलरीचे धरा, भांड्याचे नाही: रोज २२० ग्रॅम दाणे खाणाऱ्याला पहिल्या टप्प्यात १६५ ग्रॅम दाणे आणि साधारण १४० ग्रॅम घरचं. शी पातळ झाली तर पुढे सरकू नका, तिथेच दोन दिवस थांबा. उलट्या झाल्या, शीमध्ये रक्त दिसलं किंवा कुत्रा मलूल झाला तर वाट न बघता दवाखाना गाठा.

कुत्रा पाणी कमी प्यायला लागला म्हणून घाबरू नका. आता ते जेवणातूनच मिळतंय. भांडं मात्र भरलेलं ठेवा.

एकदम तीन दिवसांचं शिजवून फ्रीजमध्ये ठेवता येतं, त्याहून जास्त असेल तर डबे फ्रीझरमध्ये. पूड आणि पावडर वाढताना घाला.

मग महिनाभर हाताने तपासा

मूठ आवळून बोटांच्या पेरांवरून दुसरा हात फिरवा. बरगड्या तशा लागल्या तर कुत्रा वाळलाय. मूठ उघडून, हात पालथा करून त्याच हाताच्या पाठीवरून दुसरा हात फिरवा, बरगड्या तशा लागल्या तर ठीक. तळव्यासारखं मऊ लागलं तर भात कमी करा. दर रविवारी त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा आणि तुमचं वजन वजा करा. गब्बर या कामासाठी अजूनही तयार नसतो. चिकनचा एक तुकडा लाच म्हणून लागतो, आणि तोही मी दिवसाच्या हिशेबात धरतो.