आयफोन घेताय? आधी जुना फोन पुसू नका

लातुरात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे माझं. दिवाळीनंतरचा आठवडा मला नको वाटतो. सोयाबीनचे पैसे आलेले, आयफोन आलेला आणि अँड्रॉइडमधलं काहीतरी गेलेलं. चुका दरवर्षी त्याच.

सगळ्यात मोठी व्हॉट्सअ‍ॅपची. अँड्रॉइडवरचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर जातो, आयफोन फक्त आयक्लाउडमधला, म्हणजे अ‍ॅपलच्या ऑनलाइन साठ्यातला ओळखतो. लोकांना वाटतं, "बॅकअप आहे ना, मग झालं." नाही झालं. २०२२ पासून एक सरळ रस्ता आहे: जुन्या फोनवर 'मूव्ह टू आयओएस' अ‍ॅप टाका आणि नवा आयफोन पहिल्यांदा चालू करतानाच चॅट ओढून घ्या. दोन्ही फोन चार्जरला, नंबर तोच. एकदा घाईघाईनं फोन सुरू करून बसलात, की रीसेट मारून पुन्हा पहिल्यापासून.

मागच्या हंगामात मार्केट यार्डातले एक आडते काका आले. भाचा म्हणाला होता, "मामा, दहा मिनिटांत करून देतो." दिला करून. जुना फोन पुसून त्याच संध्याकाळी एक्स्चेंजला. काका काउंटरवर हात टेकून म्हणाले, "शेतकऱ्यांच्या पट्ट्या समद्या त्यातच हुत्या की रे." पट्ट्या म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या. शिवाय तीन वर्षांचे वजनकाट्याचे फोटो, कुणाला किती उचल दिली त्याचे व्हॉइस मेसेज.

नशीब, ड्राइव्हवर बॅकअप होता. काकूंचा अँड्रॉइड मागवला, त्यात काकांचं गूगल खातं आणि नंबर टाकून चॅट उतरवली. मध्येच लाईट गेली, वायफाय गेलं, पुन्हा सुरू. मग आयफोन रीसेट करून चॅट तिकडं नेली. रात्रीचे साडेदहा वाजले. नव्या फोनवरची मधल्या चार दिवसांची चॅट गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी माझे पैसे द्यायला भाचाच आला, रोख घेऊन. काकांचं यूपीआय अजून चालू व्हायचं होतं.

ते आणखी एक. यूपीआय नव्या फोनवर आपोआप येत नाही. बँकेला जोडलेलं सिम त्याच फोनमध्ये लागतं, त्यावरून एसएमएस जावा लागतो, म्हणजे रिचार्ज हवा. वर बऱ्याच बँका अँड्रॉइडवर पहिले २४ तास आणि आयफोनवर पहिले ७२ तास ५,००० रुपयांच्या पुढं जाऊ देत नाहीत. मंडपवाल्याचे पैसे द्यायचे त्याच दिवशी फोन बदलणाऱ्यांना मी हात जोडतो.

बाकीचं पटापट. अँड्रॉइडवर विकत घेतलेलं अ‍ॅप आयफोनवर पुन्हा विकत घ्यावं लागतं. मेमरी कार्डाला जागाच नाही, आणि फुकटची जागा गूगलकडं १५ जीबी, आयक्लाउडवर ५. कॉल रेकॉर्डिंग २०२४ च्या आयओएस १८.१ पासून आलं खरं, पण समोरच्याला घोषणा ऐकू जाते. उधारीवाला लगेच सावध. आयफोनवरून अँड्रॉइडवर येत असाल, तर सिम काढायच्या आधी आयमेसेज (अ‍ॅपलची स्वतःची मेसेज सेवा) बंद करा, नाहीतर दुसऱ्या आयफोनवाल्यांचे मेसेज तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. अ‍ॅपलचं घड्याळही अँड्रॉइडशी जुळत नाही.

मी स्वतः जुना फोन पंधरा दिवस कपाटात ठेवतो, चार्ज करून, न पुसता. एक्स्चेंजचे दोन-तीन हजार आज मिळतात म्हणून घाई करणाऱ्यांना आता मी आधीच विचारतो, "घरात दुसरा अँड्रॉइड हाय का?"