लाळ्या-खुरकूत: गाडी जुंपण्याआधी लस, फोड दिसताच नमुना

पाऊस उघडला, पहाटे दव पडायला लागलं. आता थोड्याच दिवसांत बीड, पाथर्डी, शिरूर कासारच्या वाड्यावस्त्यांवरून बैलगाड्या पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतील. एका तळावर शे-दोनशे बैल, पाण्याचा एकच हौद आणि शेजारी शेजारी टाकलेले वाढे (उसाचे शेंडे). तिथं एका बैलाच्या तोंडातून लाळेची तार लोंबायला लागली की पुढच्या आठवड्यात अख्खा तळ लंगडतो. तळाशेजारच्या गावातल्या दुभत्या गाईंना लागण होते ती वेगळीच.

या महिन्यात दोन गोष्टी चुकवू नका. निघण्याआधी किमान तीन आठवडे लस घ्या. आणि फोड दिसला की त्याच दिवशी दवाखान्यात कळवून नमुना घ्यायला लावा. लस लोक आता बऱ्यापैकी टोचून घेतात. नमुना मात्र कोणी देत नाही, आणि वर्षानुवर्षं नुकसान तिथंच होतंय.

होतं काय, ते सांगतो. पहिल्या दिवशी जनावर तापतं, रवंथ बंद होतो, दूध एकदम उतरतं. ओठांचा मचमच आवाज येतो. दुसऱ्या दिवशी जिभेवर, हिरड्यांवर, खुरांच्या बेचक्यात फोड. मालक पहिल्यांदा जातो ते औषधाच्या दुकानात. दुकानदार अँटिबायोटिकचं इंजेक्शन, लिव्हर टॉनिक आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ बाटली हातात ठेवतो. हा रोग विषाणूचा. अँटिबायोटिकनं विषाणू मरत नाही. जखमेत पू झाला तर त्याचा उपयोग आहे, तोही डॉक्टरांनी सांगितला तरच. बाटलीचा उपयोग मला अजून दिसलेला नाही, बिल मात्र दर वेळी दिसतं. यात चार-पाच दिवस जातात. मग शेजारच्या दावणीला लागण होते, तेव्हा डॉक्टरांना फोन. तोवर फोड फुटून कातडी गळून गेलेली असते आणि नमुन्यासाठी हाती काही उरत नाही.

नमुना म्हणजे काय, तर नुकत्याच आलेल्या किंवा नुकत्याच फुटलेल्या फोडाचा पातळ पापुद्रा, साधारण एक ग्रॅम. डॉक्टर तो निम्मं ग्लिसरीन आणि निम्मं बफर द्रावण असलेल्या बाटलीत घालून बर्फात ठेवतात. द्रावणाचा सामू (पीएच, आम्ल-अल्कलीचं माप) ७.२ ते ७.६ लागतो, कारण सामू ६ च्या खाली किंवा ९ च्या वर गेला की हा विषाणू टिकत नाही. म्हणून डॉक्टर येईपर्यंत तोंडात तुरटी, लिंबू, सोडा, हळद काहीही लावू नका. उपचाराला उशीर होतोय असं वाटेल, पण तासा-दोन तासांनी काही बिघडत नाही. पापुद्रा स्वतः ओढून काढायलाही जाऊ नका.

हा पापुद्रा जातो कुठं? आधी पुण्याला रोग अन्वेषण विभागात, तिथून भुवनेश्वरजवळच्या लाळ-खुरकूत संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेत. तिथं विषाणूचा प्रकार ओळखतात, त्याच्या जनुकांची मांडणी काढतात आणि जगभरच्या नोंदींशी ताडून बघतात. या रोगाची जागतिक संदर्भ प्रयोगशाळा इंग्लंडमध्ये पिरब्राइटला आहे. इटलीत ब्रेशिया, रशियात व्लादिमीर, चीनमध्ये लांझोऊ, थायलंडमध्ये पाकचोंग, बोत्सवानात गॅबरोनी अशा प्रयोगशाळा एकमेकांशी जोडलेल्या आहेत. ‘आपल्या गोठ्याचा आणि इंग्लंडचा काय संबंध’ असं विचारणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं.

लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचे सात प्रकार. आपल्या लसीत तीन असतात: ओ, ए आणि एशिया-१. एका प्रकारची लस दुसऱ्याला चालत नाही, आणि एकाच प्रकारातही विषाणू हळूहळू बदलत राहतो. ओ प्रकारासाठी आपल्याकडे कित्येक वर्षं विषाणूचा १९७५ सालचा वाण लसीत वापरला गेला. इतका जुना वाण आजच्या विषाणूला अडवतो की नाही, हे कसं कळणार? शिवारातल्या ताज्या नमुन्यावर लसीची चाचणी घेऊनच. ए प्रकारात असंच झालं. विषाणू बदलल्याचं नमुन्यांतून दिसलं, तेव्हा जुना वाण काढून २००० सालचा घेतला. कुठल्या तरी गोठ्यातून वेळेवर पापुद्रा पोचला म्हणूनच ते कळलं.

‘लस देऊनही आलं, लस बोगस आहे’ असं म्हणून जे गप्प बसतात, त्यांच्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे. अहो, लस दिलेल्या जनावरात रोग आला तर तोच नमुना सगळ्यात मोलाचा. लसीचा बर्फ वाटेत वितळला असेल, लस उशिरा टोचली असेल किंवा विषाणू बदलला असेल. नमुना न देता यातलं कुठलं खरं, हे कसं ठरवणार? पारावर?

विषाणूला सरहद्द नसते, हे मी उगाच म्हणत नाही. शास्त्रज्ञ ज्याला ‘इंडिया-२००१’ म्हणतात तो ओ प्रकारचा वंश आपल्याच उपखंडातला. २०१३ मध्ये तो लिबियात सापडला, पुढं ट्युनिशिया, अल्जेरिया, मोरोक्को, आणि पूर्वेकडं व्हिएतनाम. इंडोनेशिया तीस वर्षांहून जास्त काळ या रोगातून मोकळा होता, तिथं २०२२ मध्ये हाच वंश शिरला. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत बर्लिनजवळच्या एका लहान कळपात तीन म्हशी मेल्या. नमुना तपासला तर लाळ्या-खुरकूत, १९८८ नंतर पहिल्यांदाच. तीन म्हशींवरून देशोदेशींनी जर्मन जनावरं आणि मांस घेणं थांबवलं. आपल्याकडे तळावर तीन बैल गेले तर मुकादम उचल (आगाऊ दिलेले पैसे) किती बाकी ते बघतो.

आणि नमुने, खबर आणि लस यांची सांगड घातली की रोग खरंच संपतो, याचा दाखलाही आपल्याच घरचा आहे. बुळकांडी, म्हणजे गुरांची ती जीवघेणी साथ, आठवते का, ते घरातल्या जुन्या माणसांना विचारा. १९२० साली भारतातून ब्राझीलला निघालेले झेबू (वशिंडाची गुरं) वाटेत बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरले आणि तिथं बुळकांडी पसरली. त्या धक्क्यातून १९२४ मध्ये २८ देशांनी पॅरिसला पशुरोगांची आंतरराष्ट्रीय संस्था काढली. आपली पशुरोगांची पहिली सरकारी प्रयोगशाळा तर त्याच्याही आधी, १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली. पुढं ती आजच्या उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरला गेली. भारतात बुळकांडीचा शेवटचा उद्रेक १९९५ चा. २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झालं. शेवटच्या टप्प्यात नुसती लस पुरली नाही. युरोपच्या पैशाच्या मदतीनं चाललेल्या मोहिमेत माणसं गावोगाव फिरून ‘कुठं आजारी जनावर आहे का’ विचारत होती, आणि मालक दाखवत होते.

लपवण्यामागचं कारण मला ठाऊक आहे. डेअरी दूध नाकारते, बाजार बंद होतो, मुकादम ओरडतो. पण जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्यानं अशा रोगाची खबर देणं मालकावर बंधनकारक आहे, आणि लपवलेलं जनावर बाजारात नेलं की पुढची चार गावं बुडतात. फोड दिसलेलं जनावर विकू नका, हलवू नका. स्वस्तात मिळतंय म्हणून विकतही घेऊ नका.

आता नेहमीची कामं:

– लस: प्रौढ जनावराला २ मिलि, दर सहा महिन्यांनी. सरकारी मोहिमेत मोफत.
– वासरांना चौथ्या महिन्यात पहिली, महिन्यानं बूस्टर.
– जंतनाशक लसीच्या पंधरा दिवस आधी.
– लस २ ते ८ अंश सेल्सिअसला. टोचणाऱ्याच्या डब्यात बर्फ आहे का, ते बघा. नसेल तर परत पाठवा.
– कानात १२ अंकी बिल्ला, नोंद करून घ्या.
– नवं जनावर २१ दिवस वेगळं.
– गोठा धुण्यासाठी ४ टक्के धुण्याचा सोडा.
– नमुना घेतल्यानंतर: तोंड १ टक्का तुरटीच्या पाण्यानं, पाय पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यानं (१ लिटरला १ ग्रॅम).
– नाचणीची आंबील, मऊ हिरवा चारा. वाळले वाढे नकोत, तोंडाला टोचतात.
– आजारी गाईचं दूध वासराला पाजू नका. लहान वासरं हृदयावर परिणाम होऊन पटकन मरतात.

लस टोचल्यावर एक-दोन दिवस दूध थोडं उतरतं. तेवढ्यासाठी लस चुकवू नका. खुरात किडे पडू नयेत म्हणून कडुनिंबाचं किंवा करंजाचं तेल लावावं. हे पुस्तकात कमी आणि गोठ्यात जास्त, पण उपयोगी पडतं. खुरकुताचं जनावर चिखलात उभं करायची पद्धत मात्र सोडा, त्यानं जखम चिघळते.

हवेबद्दल: आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर असली की विषाणू हवेत जास्त तग धरतो, हे शास्त्र. माझा आडाखा असा की सलग तीन-चार पहाटे दाट धुकं पडलं आणि तळावर एक जरी बैल लाळ गाळताना दिसला, तर आठवड्यात फैलाव होतो. धुक्याच्या दिवसांत जनावरं एका हौदावर नेऊ नका, बादलीनं वेगवेगळं पाजा. बादल्याही अदलाबदल करू नका.

गाडी जुंपण्याआधी १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर फोनमध्ये घाला. तळावर पोचल्यावर जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कुठं आहे, ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. मचमच ऐकू आली की आधी तिथं फोन, मग दुकान.