गिटारचा टॉप बसलाय? गोंद आणण्याआधी या चुका टाळा

माळ्यावरून खाली काढलेली काकाची गिटार असो, नाहीतर रविवारी जुन्या बाजारात घासाघीस करून आणलेली, तक्रार बहुतेक एकच असते. ब्रिज (तारा जिथे अडकतात ती पट्टी) आणि साउंडहोल (मधलं गोल भोक) यांच्या मधला टॉप, म्हणजे समोरची लाकडी फळी, आत गेलाय, तारा कुठे खडखडतात तर कुठे दाबताच येत नाहीत. लगेच गोंदाची शोधाशोध सुरू होते. पहिली चूक इथेच. पुण्यात टॉप बसण्याची दोन मुख्य कारणं आहेत, कोरडी हवा आणि आतला सुटलेला आधार, आणि त्यातल्या पहिल्याला गोंद लागतच नाही.

एप्रिल-मेच्या दुपारी इथल्या हवेतली आर्द्रता बऱ्याचदा २५ टक्क्यांच्या खाली जाते, जुलै-ऑगस्टमध्ये ८० च्या वर चढते. गिटारला मानवते ती ४५ ते ५५ टक्के. उन्हाळ्यात सॉलिड लाकडाचा टॉप आकसतो, त्याला मुळात दिलेला हलका बाक जातो आणि तो सपाट होतो, कधी आतही जातो. नेकच्या कडेवरून बोट फिरवून बघा. फ्रेटची (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं टोचत असतील तर लाकूड सुकलंय. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज घाला आणि ती डबी गिटारबरोबर बंद केसमध्ये दहा-पंधरा दिवस राहू द्या. सोबत आर्द्रता मोजणारा एक साधा हायग्रोमीटर असला तर उत्तम. बऱ्याचदा खड्डा आपोआप भरतो. सुकलेल्या अवस्थेतच ब्रेस (टॉपला आतून आधार देणारी लाकडी पट्टी) चिकटवून टाकली, तर पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि सगळा ताण त्या नव्या जोडावर येतो.

टॉप सॉलिड आहे की प्लायचा, हे साउंडहोलच्या कडेवर कळतं. वरच्या रेषा कडेतून तशाच खाली उतरत असतील तर सॉलिड, थर दिसले तर प्लाय. आपल्याकडच्या जुन्या स्वस्त गिटारींत प्लायच जास्त. तो हवेनुसार फारसा हलत नाही, त्यामुळे तिथे स्पंजवर दिवस घालवू नका.

ऐन पावसाळ्यातही खड्डा जागचा हलला नाही, तर संशय आतल्या ब्रेसवर घ्यायचा. बारा नंबरच्या (हा जाडीचा नंबर) स्टील तारांच्या सेटचा एकूण ताण सत्तर किलोंच्या आसपास असतो. तारा पिनांनी ब्रिजमध्येच अडकवलेल्या असतील तर ही ओढ ब्रिजला पुढे कलंडवते, म्हणून मागे फुगवटा आणि पुढे खड्डा. मागचा थोडा फुगवटा हा आजार नव्हे. तारा ब्रिजवरून जाऊन गिटारच्या खालच्या टोकाच्या पत्र्याला अडकवलेल्या गिटारीत मात्र ब्रिज सरळ खालीच दाबला जातो.

तारा सैल करून मोबाइल टॉर्चसकट आत सरकवा आणि व्हिडिओ काढा. ब्रेस आणि टॉपच्या फटीत कागदाची कड सरकतेय का बघा. वरून बोटाच्या पेराने ठकठक करत जा. जिथे आवाज फाटका येतो, तिथे जोड सुटलाय.

ट्रस रॉड (नेकमधली सळई) फिरवून टॉप वर येत नाही, तो फक्त नेकचा बाक बघतो. सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती बारीक पट्टी) घासून तारा खाली आणणं म्हणजे ताप मोजायचं सोडून थर्मामीटर फोडणं. आत लाकडी काडीचा टेकू देणारेही भेटतात. व्हायोलिनमध्ये अशी काडी असते, पण ते वाद्य तिच्यासाठीच घडवलेलं असतं. गिटारचा टॉप टेकूने मुका होतो. इस्त्री, हेअर ड्रायर, उन्हात ठेवून वर वजन हे उपाय तर नकोच. उष्णतेने सुटलेल्या जोडांबरोबर शाबूत जोडही ढिले पडतात.

आता गोंद. सर्वांत जास्त गिटारी इथेच वाया जातात. इपॉक्सी पक्का बसतो हे खरं, पण पुढच्या कारागिराला तो जोड उघडता येत नाही. झटपट चिकटणारा पातळ गोंद फटीतून पळतो आणि पॉलिशवर डाग पाडतो. नेहमीचा पांढरा सुतारी गोंद सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. कपाटाला चालतो, ब्रेसला नाही. टाइटबाँड ओरिजिनलसारखा पिवळा गोंद वापरा, किंवा जुना जोड सरसाचा (जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनच्या गोंदाचा) असेल तर तोच सरस गरम करून. पिवळा गोंद जुन्या गोंदावर धरत नाही, म्हणून फट आधी साफ करा. मग पातळ लवचीक सुरीने गोंद आतपर्यंत ढकला.

क्लँप (जोड दाबून धरणारा शिकंजा) लावायची रंगीत तालीम गोंदाशिवाय करा. गोंद लागल्यावर साउंडहोलमधून हात घालून क्लँप कुठे अडकतो हे शोधत बसायला वेळ नसतो. बाहेरून ब्रिजशेजारी गुळगुळीत लाकडी ठोकळा हवा. स्क्रू फिरवून वर्षांचा खड्डा एका दमात सपाट करायला जाऊ नका, टॉप लाकडाच्या धाग्याच्या रेषेत चिरतो. ब्रेस टेकेल इतकाच दाब पुरे. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसा आणि चोवीस तास तार चढवू नका.

नंतर दहा किंवा अकरा नंबरचा, म्हणजे पातळ तारांचा सेट लावा, आठवडाभर अर्धा स्वर खाली ठेवा. मग स्टीलची पट्टी ब्रिजपुढे आडवी धरा. खाली मिलिमीटरभर उजेड राहिला, पण बाराव्या फ्रेटवर जाड तार अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल, तर तेवढा खड्डा राहू द्या. एक्सच्या आकारात लावलेल्या ब्रेसचा मधला सांधाच तुटला असेल किंवा ब्रिजखालची पट्टी फाटली असेल, तर गिटार कारागिराकडे न्या आणि सोपवण्याआधी तो कोणता गोंद वापरणार हे विचारा.